अळीच्या पाठीवरचे पांढरे दाणे: वाचकांचे प्रश्न

यंदा श्रावण सरता सरता आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच गोष्टीविषयी होती. ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांनी गच्चीत, खिडकीतल्या कुंडीत किंवा शेतात पाहिलेली अळी आणि तिच्या अंगावर अथवा शेजारी चिकटलेले पांढरे दाणे, यांबद्दल विचारले आहे. म्हणून या वेळचे सदर मी त्या एकाच विषयाला दिले आहे. जागेअभावी काही पत्रे थोडी आखडती घेतली आहेत.

प्रश्न: आमच्या गच्चीवर एका मोठ्या टबात अळू लावला आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या पानाखाली बोटाएवढी हिरवी अळी दिसली. तिच्या शेपटीकडे छोटेसे शिंग होते आणि पाठीवर दोन्ही बाजूंना तांदळाच्या कण्यांसारखे तीस-पस्तीस पांढरे दाणे उभे चिकटलेले होते. तिने अंडी घातली आहेत असे समजून मी ती दाण्यांसकट साबणाच्या पाण्यात टाकणार होते, सासूबाईंनी थांबवले. ही अंडी फुटली तर सगळा अळू फस्त होईल का? छायाचित्र सोबत पाठवत आहे.
(एक वाचक भगिनी, पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर: आपल्या सासूबाईंनी आपल्याला थांबवले, हे फार बरे झाले. अळी कधीच अंडी घालत नाही. अंडी घालते ती पूर्ण वाढ झालेली पतंगाची किंवा फुलपाखराची मादी. अळी ही त्यांची बाल्यावस्था असते आणि खाणे व वाढणे एवढेच तिचे काम असते. आपण पाहिलेले दाणे म्हणजे कोश आहेत, आणि तेही त्या अळीचे नव्हेत, तर तिच्या पोटात राहून वाढलेल्या एका बारीक गांधीलमाशीच्या पिल्लांचे आहेत. आपली ही चूक फार जुनी आहे. इटलीतील बोलोन्या येथील निसर्गअभ्यासक उलिसे आल्द्रोवांडी यांनी १६०२ मध्ये कोबीवरच्या अळीजवळचे असेच कोश पाहिले आणि ती अळीची अंडीच आहेत असे मानले. त्या कोड्याचा नीट उलगडा होण्यास पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली.

या गांधीलमाश्या ब्रॅकोनिडी या कुलातील मायक्रोगॅस्ट्रिनी या उपकुलात येतात. या उपकुलातल्या सुमारे तीन हजार जातींचे आजवर वर्णन झाले आहे. त्यांतली सर्वांत अभ्यासलेली प्रजाती म्हणजे कोटेशिया. तिच्यात तीनशेहून अधिक जाती आहेत. आपल्या अळीच्या शेपटीवरचे शिंग पाहता ती हॉकमॉथ गटातील पतंगाची अळी आहे, आणि अशा अळ्यांच्या पाठीवर उभ्या कोशांची दाटी करणारी कोटेशिया कॉन्ग्रेगाटा ही अमेरिकेतील जाती प्रयोगशाळांमधून अनेक दशके अभ्यासली गेली आहे. आपल्या कोशांतील गांधीलमाशी नेमकी कोणती, हे मात्र छायाचित्रावरून ठरत नाही. ती बाहेर पडल्यावर पंखांतील शिरा आणि पोटाचे पहिले दोन खंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ते सांगता येते.

घडते ते असे. दोन-तीन मिलिमीटर लांबीची काळी मादी कोवळ्या अळीवर उतरते, पोटाच्या टोकाशी असलेली सुईसारखी नळी तिच्या कातडीत खुपसते आणि काही क्षणांत आत अंडी सोडून उडून जाते. काही जाती एका अळीत एकच अंडे घालतात, तर काही तीस-चाळीस किंवा त्याहूनही अधिक. अंड्यांतून निघालेली पिल्ले अळीचे रक्त आणि चरबी यांवर वाढतात, पण तिच्या जगण्याला आवश्यक असलेल्या अवयवांना धक्का लावत नाहीत. कारण अळी मेली तर त्यांचाही शेवट ठरलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला अळी नेहमीसारखीच दिसते. ती पाने खाते, कात टाकते, थोडी मंद वाढते इतकेच. दोन-तीन आठवड्यांनी, आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत कित्येकदा त्याहूनही लवकर, पिल्ले एकाच सुमारास तिची कातडी भेदून बाहेर येतात.

हे बाहेर येणे मी माझ्या खिडकीतल्या कुंडीवर एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले आहे. सकाळी सातच्या सुमारास अळीच्या कुशीवर काळसर ठिपके उठल्यासारखे वाटले. पाहता पाहता प्रत्येक ठिपक्यातून पिवळसर पांढरे टोक वर आले आणि हळूहळू सरकत बाहेर निघू लागले. पिल्लू अर्धे बाहेर आले की तिथेच उभे राहून डोके या बाजूकडून त्या बाजूकडे आठच्या आकड्यासारखे फिरवते, आणि त्या प्रत्येक फेऱ्याबरोबर रेशमाचा एक धागा त्याच्याभोवती पडत जातो. अर्ध्या-पाऊण तासात ते आत अंधूक दिसू लागले आणि दुपारपर्यंत दिसेनासे झाले. सर्वांत नवल मला याचे वाटले, की इतकी भोके पडूनही अळीच्या अंगातून रक्ताचा थेंब गळला नाही. बाहेर निघता निघता पिल्लू आपली कात टाकते आणि ती कात भोकात बुचासारखी अडकून राहते.

आता आपल्या अळवाविषयी. पिल्ले बाहेर पडल्यावर अळी लगेच मरत नाही. काही दिवस ती कोशांसह जागच्या जागी बसून राहते, मात्र तिचे खाणे थांबलेले असते. त्यामुळे आपल्या अळवाला तिच्यापासून आता काडीचाही धोका नाही. पाच ते दहा दिवसांत प्रत्येक कोशाच्या टोकाला गोल झाकण कापले जाईल आणि आतून गांधीलमाशी बाहेर पडेल. त्या तीस-पस्तिसांतल्या माद्या आपल्या गच्चीच्या आसपासच्या अळ्या शोधू लागतील. ते पान आठ-दहा दिवस तसेच राहू द्यावे, त्यावर साबणाचे पाणी, निंबोळी अर्क किंवा दुसरे काहीही मारू नये, एवढीच विनंती. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या बागेत अळ्या वाढल्या म्हणून फवारणी करून घेण्याचा आग्रह मी स्वतः धरला होता. दुसऱ्या दिवशी झाडाखाली पडलेल्या अळ्या उचलून पाहिल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक अळ्यांच्या अंगातून ही पिल्ले अर्धवट बाहेर येऊन वाळून गेली होती. त्या पावसाळ्यात त्याच झाडांवर अळ्या पुन्हा आल्या, आणि या खेपेस त्यांना आवरणारे कोणी नव्हते. तेव्हापासून प्रत्येक अळी उलटून पाहिल्याशिवाय मी बाटलीला हात लावत नाही.

प्रश्न: आम्ही घोडबंदर रस्त्यावरील एका इमारतीत बाराव्या मजल्यावर राहतो. आमच्या बाल्कनीतल्या मोहरीच्या चार रोपांवर लहान हिरव्या अळ्या झाल्या आणि त्यांच्या शेजारी पांढरे कोशही दिसले. एवढ्या उंचीवर, एवढ्याशा रोपांवर, ही गांधीलमाशी आली तरी कशी?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: ती वासाच्या मागावर येते, आणि तो वास सोडते ते आपले झाड. १९९० मध्ये टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि ल्युइस या संशोधकांनी अमेरिकेत मक्याच्या रोपांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अळीने पाने कुरतडली, की काही तासांनी मक्याचे रोप ठरावीक गंधद्रव्ये हवेत सोडू लागते आणि कोटेशिया मार्जिनिव्हेंट्रिस ही गांधीलमाशी त्या गंधाकडे ओढली जाते, असे त्यांना आढळले. पाने नुसत्या पात्याने कापली तर हा परिणाम तितकासा दिसत नाही; पण त्या जखमेवर अळीच्या तोंडातील रस लावला, की रोप अळी लागल्यासारखेच वागते. त्या रसातील कारणीभूत द्रव्य १९९७ मध्ये वेगळे काढण्यात आले आणि त्याला व्होलिसिटिन असे नाव मिळाले. म्हणजे कोणी तरी पाने खात आहे एवढेच रोपाला कळते असे नाही, तर खाणारा कोण हेही त्याला काही अंशी कळते. जवळ पोहोचल्यावर गांधीलमाशी अळीच्या लेंड्यांचा आणि तिने सोडलेल्या धाग्यांचा वास मिशांनी चाचपत पुढे सरकते.

आपल्या मोहरीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी असावी. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी या सर्वांवर ती येते. तिच्यावर वाढणारी कोटेशिया व्हेस्टॅलिस एका अळीत एकच पिल्लू वाढवते, म्हणून अळीच्या शेजारी पुंजका न दिसता एकेकटा पांढरा कोश दिसतो. येऊरचे जंगल आपल्या भागापासून जवळ आहे आणि वाऱ्याबरोबर इतके हलके कीटक सहज वर येतात. दुसरीही शक्यता ध्यानात घ्यावी. रोपे रोपवाटिकेतून आणली असतील, तर अळी आणि तिच्या पोटातली गांधीलमाशी दोघीही लिफ्टने वर आल्या असतील.

या गांधीलमाश्यांना आपल्या बाल्कनीत टिकवायचे असेल, तर कोथिंबिरीची आणि शेपूची दोन-चार रोपे फुलावर येऊ द्यावीत. त्यांच्या तोंडाची ठेवण आखूड असते; उघड्या, लहान फुलांतला मधुरस त्यांना पिता येतो आणि तो मिळाला तर त्या अधिक दिवस जगतात.

प्रश्न: मी आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. शरीरात बाहेरची वस्तू शिरली तर रक्तपेशी तिचा प्रतिकार करतात, असे मी मुलांना सांगितले. त्यावर एका मुलीने विचारले, की मग अळीचे शरीर या अंड्यांचा प्रतिकार का करत नाही? मला उत्तर देता आले नाही.
(एक शिक्षिका, वाशी, नवी मुंबई)

उत्तर: आपल्या विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाने शास्त्रज्ञांनाही दीर्घ काळ गुंतवून ठेवले होते. अळीचे शरीर प्रतिकार निश्चितच करते. परक्या अंड्याभोवती तिच्या रक्तपेशी थरावर थर चढवतात, ते कवच काळे पडते आणि आतील अंडे मरते. ज्या अळीशी गांधीलमाशीच्या त्या जातीचा पूर्वापार संबंध नाही, तिच्यात असेच होते. आशियातील कोटेशिया फ्लॅव्हिपेस जेव्हा आफ्रिकेत नेण्यात आली, तेव्हा आपल्या ज्वारीवरील खोडकिडीत ती उत्तम वाढली, पण तेथील बुसेओला फुस्का या स्थानिक खोडकिडीच्या अळीने तिची अंडी अशीच कवचात कोंडून मारली.

मग नेहमीच्या अळीत ती वाचतात कशी? अंड्यांबरोबर मादी आणखी काही तरी आत सोडते, ते म्हणजे विषाणू. मुलांना हे सावकाश सांगावे लागेल, कारण हा विषाणू सर्दी-खोकल्याच्या विषाणूसारखा बाहेरून लागलेला नसतो. त्याची जनुके गांधीलमाशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांतच असतात, आईकडून मुलीकडे वारशाने जातात आणि विषाणूकण तयार होतात ते केवळ मादीच्या अंडाशयालगतच्या एका विशिष्ट भागात. अळीच्या शरीरात हे कण वाढत नाहीत. ते तिच्या पेशींत शिरून जनुके पोहोचवतात आणि त्या जनुकांच्या प्रभावाने रक्तपेशी कवच रचण्याचे काम करेनाशा होतात. अळीचे कोशात जाणेही लांबते, कारण ती कोशात गेली तर पिल्लांची वाढ अपुरी राहील. अंडे फुटताना त्याच्या आवरणातून सुटलेल्या काही मोठ्या पेशीही अळीच्या रक्तात तरंगत राहतात आणि पिल्लांना उपयोगी पडतील अशी द्रव्ये स्रवतात.

या विषाणूंना ब्रॅकोव्हायरस म्हणतात. एका प्राचीन गांधीलमाशीच्या शरीरात शिरलेला एक खराखुरा विषाणू सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी तिच्या वंशात कायमचा सामावला गेला, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. आज त्याच्याशिवाय या गांधीलमाश्यांचा वंश चालू शकत नाही, आणि त्यालाही गांधीलमाशीबाहेर वेगळे अस्तित्व उरलेले नाही. आपल्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगावा.

प्रश्न: लहानपणी आजोबा सांगत, की भृंग अळीला धरून आणतो, घरात कोंडतो आणि तिच्याभोवती सतत गुणगुणतो, त्याचे ध्यान करता करता अळीचाच भृंग होतो. आपण ज्यांच्याविषयी लिहिता, त्या याच का?
(एक ज्येष्ठ वाचक, कळवा)

उत्तर: आजोबांनी सांगितलेला तो भृंगकीटन्याय. संतसाहित्यात हा दृष्टान्त पुन्हा पुन्हा येतो; ज्याचे ध्यान करावे तद्रूप व्हावे, हे सांगण्यासाठी त्याहून नेमकी प्रतिमा मिळणे कठीण आहे. मात्र त्यातला भृंग म्हणजे या सदरातली बारीक गांधीलमाशी नव्हे. ती कुंभारीण, म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यात किंवा खिडकीच्या चौकटीवर मातीची छोटी मडकी करणारी गांधीलमाशी होय.

जुन्या माणसांचे निरीक्षण चुकले नव्हते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. कुंभारीण खरोखरच अळी धरून आणते, ती मडक्यात ठेवून तोंड बंद करते, आणि काही आठवड्यांनी त्याच मडक्यातून कुंभारीणच बाहेर पडते. चिखल थापताना होणारी पंखांची गुणगुण तर कोणीही ऐकू शकतो. दिसत नव्हते ते इतकेच, की त्या बंद मडक्यात कुंभारणीने आपले एक अंडेही ठेवलेले असते. अळी दंशाने लुळी पडलेली असते, मेलेली नसते. म्हणून ती नासत नाही, आणि अंड्यातून निघालेले पिल्लू तिला ताजी असतानाच खाते. गुणगुण ऐकून अळी बदलत नाही, ती शिदोरी होते.

दोघींतला फरक असा सांगता येईल, की कुंभारीण अळीला आपल्या घरी नेते, तर कोटेशिया अळीलाच घर करते. कोटेशियाच्या अळीला हिंडण्याफिरण्याची, खाण्याची पूर्ण मोकळीक असते आणि तिच्या खाण्यावरच आतल्या पिल्लांचे पोसणे अवलंबून असते. कळव्याला आपल्या घराच्या छपराखाली जुनी मडकी असतील, तर एखादे रिकामे मडके फोडून पाहावे. आत अळीची वाळलेली डोकी आणि कात सापडते.

प्रश्न: भात निसवल्यावर आमच्याकडे लष्करी अळी येते आणि लोंब्या कुरतडते. मागच्या वर्षी भाताच्या पानांवर कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे पुंजके दिसले. दुकानात दाखवले तर बुरशी म्हणून औषध दिले. ती बुरशीच होती का? आणि ट्रायकोकार्डसारखे हे मित्रकीटक विकत मिळतात का?
(एक शेतकरी, मुरबाड, जि. ठाणे)

उत्तर: आपल्या वर्णनावरून ते कोश असावेत, बुरशी नव्हे. ओळखण्याची खूण सोपी आहे. पुंजका नखाने हलकेच विस्कटावा. बुरशी असेल तर भुकटी होते, कोश असतील तर तांदळापेक्षा बारीक, लांबट, टोकदार दाणे वेगवेगळे होतात आणि पुंजक्याजवळ कित्येकदा मरगळलेली किंवा वाळलेली अळीही असते. भातावरच्या लष्करी अळीत कोटेशिया रुफिक्रस ही गांधीलमाशी वाढते आणि तिचे कोश असेच पुंजक्याने असतात. बुरशीनाशकावर आपले पैसे विनाकारण गेले याचे मला वाईट वाटते.

हिचे सामर्थ्य किती असू शकते, याचे एक उदाहरण आपल्याच अळीचे आहे. भातावर येणारी ही लष्करी अळी, मिथिम्ना सेपरेटा, न्यूझीलंडमध्ये मका आणि कुरणांचे मोठे नुकसान करत असे. १९७० च्या दशकात तेथील शास्त्रज्ञांनी पाकिस्तानातून कोटेशिया रुफिक्रस आणून सोडली आणि त्यानंतर त्या किडीचा त्रास पुष्कळच खाली आला. असे प्रयत्न त्याच्याही आधीपासून होत आले आहेत. १८८३ मध्येच कोबीवरील अळीसाठी कोटेशिया ग्लोमेराटा इंग्लंडहून अमेरिकेत नेण्यात आली होती. आपल्या भागातली कोटेशिया फ्लॅव्हिपेस १९७० च्या दशकात उसातील खोडकिडीसाठी ब्राझीलला गेली, आणि १९९३ मध्ये मका-ज्वारीच्या खोडकिडीसाठी केनियाच्या किनारपट्टीवर सोडली गेली. ब्राझीलमध्ये आजही प्रयोगशाळांत अळ्यांवर तिची पैदास करून कोश उसाच्या फडांत नेऊन ठेवले जातात. तिचे काम धोक्याचे असते. खोडातल्या अळीपर्यंत पोहोचण्यासाठी तिला अळीच्याच बोगद्यात शिरावे लागते आणि कित्येक माद्या तिथे अळीच्या चाव्याने मरतात.

विकत घेण्याबद्दल बोलायचे तर आपल्याकडे सहज मिळते ते ट्रायकोकार्डच. त्यातली ट्रायकोग्रामा ही वेगळी गांधीलमाशी असून ती किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालते. तांदळावरच्या पतंगाच्या साधारण १८ ते २० हजार अंड्यांवर तिची वाढ करून ती अंडी कार्डावर चिकटवलेली असतात, म्हणून कार्ड बनवणे आणि पाठवणे स्वस्त पडते. कोटेशियासाठी जिवंत अळ्या पाळाव्या लागतात. ते काम खर्चाचे आणि जिकिरीचे आहे. परंतु भाताच्या बाबतीत तिला विकत आणण्याची गरजही नाही, कारण आपल्या शेतात ती आधीच आहे. प्रश्न आहे तो तिला जगू देण्याचा.

त्यासाठी काय करता येईल ते सांगतो. लष्करी अळी दिवसा चुडाच्या बुंध्याशी लपते आणि रात्री वर चढते. बांधबंदिस्ती करून खाचरात पाणी साठवता आले, तर अळ्या वर येतात आणि बगळे, साळुंक्या त्यांना टिपतात. पक्षीथांबे असल्यास अधिक बरे. संध्याकाळी कंदील किंवा बॅटरी घेऊन चार-पाच ठिकाणचे चूड तपासावेत, अळ्या मोजाव्यात आणि कोशांचे पुंजकेही मोजावेत. पुंजके भरपूर आणि अळ्या मरगळलेल्या असतील, तर फवारणी पुढे ढकलावी. अळ्या खूप आणि पुंजके जवळजवळ नाहीतच, अशी स्थिती असेल तर कृषी सहायकांना शेत दाखवून निर्णय घ्यावा. अशा वेळी पीक वाचवणे हेच पहिले काम आहे. बांधावरचे फुलणारे गवत आणि तण सरसकट जाळू नये, कारण पूर्ण वाढ झालेल्या गांधीलमाश्यांचे खाणे तिथेच असते.

प्रश्न: कृषी पदविकेच्या जुन्या पुस्तकात कोबीवरील परोपजीवी कीटकाचे नाव अपँटेलिस प्लुटेली असे आहे, दुसऱ्या पुस्तकात कोटेशिया प्लुटेली, आणि आपण कोटेशिया व्हेस्टॅलिस म्हणता. हे तीन कीटक आहेत का?
(एक विद्यार्थी, नेरुळ, नवी मुंबई)

उत्तर: कीटक एकच आहे. कोटेशिया ही प्रजाती पीटर कॅमेरॉन यांनी १८९१ मध्ये स्थापन केली होती, परंतु पुढे तिच्यातील जाती अपँटेलिस या अतिशय मोठ्या प्रजातीत धरल्या गेल्या. १९८१ मध्ये मेसन यांनी अपँटेलिसची फोड केली आणि कोटेशियाला पुन्हा स्वतंत्र स्थान मिळाले. त्यामुळे त्यापूर्वीच्या पुस्तकांत अपँटेलिस फ्लॅव्हिपेस, अपँटेलिस रुफिक्रस अशी नावे दिसतात. प्लुटेली आणि व्हेस्टॅलिस या एकच जाती असल्याचे नंतर लक्षात आले आणि आधी दिलेले नाव म्हणून व्हेस्टॅलिस कायम झाले. परीक्षेत आजचे नाव लिहून कंसात जुने नाव द्यावे.

प्रश्न: या गांधीलमाश्या चावतात का? घरात लहान बाळ आहे.
(एक वाचक भगिनी, कोपरखैरणे)

उत्तर: कोटेशियापासून बाळाला कोणताही धोका नाही; तिची नळी आपल्या कातडीला इजा करू शकत नाही आणि ती पोळेही करत नाही. रात्री दिव्याजवळ कधी कधी सडपातळ, तांबूस-नारिंगी, लांब मिशांची गांधीलमाशी येते, ती नेटेलिया प्रजातीतली असू शकते. तीही पतंगांच्या अळ्यांवरच वाढते, पण चिमटीत पकडली तर डंख करते. तिला हाताने न धरता पेल्याखाली झाकून बाहेर सोडावे.

प्रश्न: आपले मागील उत्तर वाचून मी कोशांसह एक अळी बरणीत ठेवली. नऊ दिवसांनी कोशांतून कीटक निघाले, पण ते दोन प्रकारचे होते. काही काळे आणि पिवळसर पायांचे, तर काही त्यांहून वेगळे, चकचकीत हिरवट झाक असलेले. एका अळीत दोन जातींच्या गांधीलमाश्यांनी अंडी घातली होती का?
(एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर: तसेही क्वचित घडते, पण आपल्या पत्रातील वर्णन दुसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवते. हिरवट झाक असलेले कीटक बहुधा गांधीलमाशीवर वाढणाऱ्या गांधीलमाशीचे आहेत. कोटेशियाने अळीला घर केले, आणि या तिसरीने कोटेशियाच्या पिल्लाला. युरोपात कोबीवरच्या कोटेशिया ग्लोमेराटाच्या कोशांत अंडी घालणारी लिसिबिया नाना ही अशीच एक गांधीलमाशी आहे. अळीच्या पोटात कोटेशियाची पिल्ले असतील, तर त्या अळीने खाल्लेल्या कोबीचा वास बदलतो आणि लिसिबियाला तो बदललेला वास ओळखता येतो, असे नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले आहे. ज्या वासाने झाडाला मदत मिळते, तोच वास मदतीला आलेल्यांचा ठावठिकाणा त्यांच्या शत्रूलाही देतो.

कोश कुंडीवरच राहू द्यावेत असे मी सांगतो, त्याचे हेही एक कारण आहे. बरणीत सर्वच कीटक एका जागी निघतात आणि झाकण उघडल्यावर एकदमच बाहेर पडतात. झाडावर मात्र कोशांना कोळी, मुंग्या, पाऊस आणि या तिसऱ्या गांधीलमाश्या यांच्यामधून वाट काढावी लागते. तरीही आपण बरणीत ठेवून पाहिले याचा मला आनंद आहे, कारण असे पाहिल्याशिवाय हा तिसरा भागीदार कोणाच्या लक्षात येत नाही.

रिकामे कोश अद्याप टाकले नसतील, तर भिंगाने त्यांची टोके पाहावीत. कोटेशिया बाहेर पडताना कोशाच्या टोकाला गोल झाकण कापते आणि ते झाकण बहुधा बिजागरीसारखे एका बाजूने लटकत राहते. दुसऱ्या प्रकारचा कीटक निघालेल्या कोशाचे भोक पुष्कळदा बाजूला आणि ओबडधोबड कुरतडलेले असते. किती कोशांना झाकण आहे आणि किती कोशांना वेडेवाकडे भोक आहे, हे मोजले की आपल्या कुंडीवर कोटेशियाची किती पिल्ले तगली याचा आकडा आपल्या हाती येईल. पुढच्या वेळी बरणीच्या तोंडावर झाकणाऐवजी मलमलचे फडके बांधावे, ती उन्हात ठेवू नये, आणि अळी कोणत्या झाडावर, कोणत्या तारखेला सापडली हे चिठ्ठीवर लिहून आत टाकावे.